मासेमारीसाठी स्पिनिंग रील घेतलं, आता रॉड कुठला? तुमचे प्रश्न

प्रश्न: 4000 साइजचं स्पिनिंग रील घेतलंय. घरी मित्राचा जुना रॉड आहे, रील बसतं तिथे खाली बोट अडकवायला आकडा आहे. चालेल का?

रील बसेल कदाचित, पण वापरू नका. तो बेटकास्टिंगचा रॉड आहे, त्यावर रील वरच्या बाजूला बसतं आणि गाइड, म्हणजे लाइन जिच्यातून जाते त्या कड्या, छोटे असतात. स्पिनिंगची लाइन स्पूलवरून, म्हणजे रीलच्या फिरकीवरून, वेटोळी घेत सुटते म्हणून पहिला गाइड चांगला मोठा लागतो, पुढचे लहान लहान होत जातात. छोट्या गाइडवर ती वेटोळी आपटतात, कास्ट (फेक) जवळच पडते आणि ब्रेड, म्हणजे विणलेली लाइन, असेल तर गुंता ठरलेलाच.

प्रश्न: मग 4000 ला किती फुटी घेऊ? दुकानदार म्हणतो 10 फूटच घ्या.

रीलच्या नंबरावरून लांबी ठरवू नका, आधी सांगा टाकणार कुठून आणि किती वजन. माझ्या मते इथेच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. कोकणात खडकावरून टाकायचं असेल तर 9 फूट बरा, लाइन लाटांच्या आणि धारदार कपारींच्या वर राहते. पण खाडीत तिवरांच्या मुळांशी जिताडा, तांबोशी शोधायची तर 9 फूट फांद्यांतच अडकतो, तिथे 7 फुटी मीडियम हेवी (जरा ताठ) रॉड घ्या, मासा मुळांत घुसायच्या आत ओढता आला पाहिजे ना.

हँडलच्या वर बारीक अक्षरात 15-40 ग्रॅम असं काहीतरी लिहिलेलं असतं ते नक्की वाचा. शिसं, गळ, कोलंबी सगळं धरून वजन त्याच्या मधे यायला हवं, 25-30 ग्रॅम. फारच हलकं टाकलं तर रॉड वाकतच नाही आणि आमिष पायाशी पडतं, जड टाकलं तर रॉड तुटायची भीती. आणि दुकानातच रील लावून, रीलच्या पायापाशी दोन बोटांवर तोलून बघा, टोक झपकन खाली गेलं तर तासाभरात मनगट भरून येणार.

प्रश्न: खडकावर मासा वर घेताना टोकच तुटलं. रॉड कमी पडला का?

बहुतेक रॉड सरळ उभा धरून मासा उचलला असणार. तसं केलं की सगळा भार टोकावर येतो, खालचा जाड भाग काही कामच करत नाही. रॉड तिरका ठेवा, मासा लँडिंग नेटने घ्या. ड्रॅग, म्हणजे किती ताण आला की रील लाइन सोडेल ते, लाइनच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश, म्हणजे 9 किलोच्या ब्रेडला 2 ते 3 किलो, ताणकाट्याने मोजून लावा. लीडर, म्हणजे ब्रेड आणि गळ यांच्या मधला लाइनचा तुकडा, कमी ताकदीचा असेल तर हिशोब लीडरवरून.

प्रश्न: नवी ब्रेड भरली तरी सारखी तुटते. रील खराब?

आधी गाइड बघा. कापसाचा छोटा बोळा प्रत्येक गाइडच्या आतून गोल फिरवा, कुठेही तंतू अडकून राहिला तर तिथल्या आतल्या सिरॅमिकच्या कडीला चीर आहे, डोळ्याला दिसत नसली तरी. तीच ब्रेड कापते. टोकाच्या गाइडपासून सुरुवात करा, रॉड आपटतो तो तिथेच, आणि तेवढा एक गाइड बदलून मिळतो, रॉड टाकू नका.