सफरचंदाच्या झाडाला पानंच पानं, फुलाचे डोळे धरतात तरी कधी?

जालन्याकडं परसात लावलेलं सफरचंद माणसाच्या डोक्यावर गेलं, पण फूल नाही, असा प्रश्न आहे.

आपल्याला सवय मोसंबीची. पाणी बंद करून ताण द्यायचा, मग ताण तोडून पाणी दिलं की बहार फुटतो. सफरचंद, नाशपाती, पीच यांचं गणित वेगळं. यंदा उमलणारं फूल गेल्या वर्षीच ठरलेलं असतं. काश्मीर-हिमाचलात झाडावर फळं पोसत असतानाच, भर उन्हाळ्यात, सफरचंदाच्या आखूड फळफांद्यांच्या टोकाचे काही डोळे (म्हणजे अंकुर) पानांऐवजी फुलांकडं वळतात. हिवाळ्यात असा डोळा उभा चिरून भिंगाखाली धरा. फुलाचा डोळा गुबगुबीत, आत पाच-सहा इवल्या कळ्यांचा झुबका आणि सोबत थोडी पानं. पानाचा डोळा बारीक, फांदीला चिकटलेला.

झाडावर फळं फार राहिली की त्यांच्या कोवळ्या बियांतलं जिबरेलिन हे वाढीचं संप्रेरक नवे फुलडोळे धरू देत नाही, म्हणून वर्षाआड फळ. केसर आंब्याला पॅक्लोब्युट्राझोल हे वाढ रोखणारं रसायन देतात तेही जिबरेलिन दाबायलाच.

पुढं थंडी. डोळे फुटायला जुन्या जातींना ७ अंशांखाली साधारण १००० तास लागतात. मराठवाड्यात तेवढी थंडी आणायची कुठून? डोळे निजूनच राहतात, नाहीतर मागंपुढं फुटतात. त्यामुळं आधी रोपवाल्याला जात विचारा. अ‍ॅना, हरिमन-९९ यांना थंडी कमी लागते. झाड बियांपासून केलेलं असेल तर मात्र बरीच वर्षं थांबावं लागेल. आणि युरिया आवरा, त्यानं पालाच माजतो.