अमेरिकेच्या घोडदळातली रेजिमेंट लढाई नसताना काय करायची?

सिनेमात दिसतात तसे हे घोडेस्वार रोज लढत होते का, आणि नसतील तर दिवसभर करायचे काय, असं तुम्ही विचारलंय. मला या विषयावर वाचायचा नाद आहे. सगळ्या घोडदळाचं सांगत बसत नाही, एकाच रेजिमेंटचं सांगतो: दहावी कॅव्हलरी.

यादवी युद्ध संपल्यावर, १८६६ साली, कॅन्ससमधल्या फोर्ट लेव्हनवर्थला ती उभी राहिली. शिपाई सगळे कृष्णवर्णीय, त्यातले बरेचजण कालपर्यंत गुलाम. अधिकारी गोरे. पगार महिना १३ डॉलर. घोडा सरकारी, म्हणजे आपल्या भाषेत सगळे बारगीर. पहिला कर्नल बेंजामिन ग्रिअर्सन हा मूळचा संगीतशिक्षक. लहानपणी घोड्याची लाथ तोंडावर बसल्यापासून त्याला घोडा नकोसा वाटायचा, आणि घोडदळ आलं नेमकं त्याच्याच वाट्याला!

लढाया होत्या, पण मोजक्या. एरवी घोड्यांना खरारा, दाणापाणी, मग रस्ते बांधणं, तारेचे खांब रोवणं, टपालगाड्यांना सोबत करणं. आणि टेक्ससात गेल्यावर एकच मोठी चिंता, पाणी.

जुलै १८७७ मध्ये कॅप्टन नोलनची तुकडी कोमांची या मूळ रहिवासी टोळीच्या मागावर यानो एस्ताकादो या उजाड पठारावर गेली आणि वाट चुकली. ८६ तास पाण्याचा थेंब नाही. घशाला इतकी कोरड की घास उतरेना. शेवटी मेलेल्या घोड्यांचं रक्त प्यायले, लघवीत साखर घालून तीही प्यायले. चार शिपाई दगावले. ज्यांच्यासाठी निघाले ते कोमांची भेटलेच नाहीत.

तीन वर्षांनी अपाची या दुसऱ्या मूळ रहिवासी टोळीचा सरदार व्हिक्टोरियो मेक्सिकोतून टेक्ससात घुसला, तेव्हा ग्रिअर्सननं त्याचा पाठलागच केला नाही. वाटेवरचे पाणवठे धरून बसला. झऱ्यापाशी पोचावं तर समोर बंदुका, असं होत गेल्यावर व्हिक्टोरियो परत फिरला. सिनेमात न शोभणारी लढाई, पण मला ती फार हुशारीची वाटते. अर्थात, नुकते सुटलेले गुलाम दुसऱ्या कुणाची जमीन हिसकावायला पाठवले जात होते, हेही विसरू नये.

पाण्याचीच आणखी एक गोष्ट. हेन्री फ्लिपर हा वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीतून बाहेर पडलेला पहिला कृष्णवर्णीय अधिकारी याच रेजिमेंटमध्ये आला. फोर्ट सिलच्या आसपासच्या डबक्यांमुळे छावणीत हिवताप पसरायचा. फ्लिपरनं आखणी करून चर खणवला आणि डबकी आटवली. चराला आजही त्याचंच नाव आहे. त्याला मात्र पुढे पैशांच्या अफरातफरीच्या आरोपावरून लष्करी न्यायालयासमोर उभं केलं. अफरातफर शाबीत झाली नाही, तरी अधिकाऱ्याला न शोभणारं वर्तन म्हणून १८८२ मध्ये बडतर्फ केलं. राष्ट्राध्यक्षांची माफी मिळाली ती १९९९ मध्ये. तो वारला १९४० मध्ये.

१८९८ ला क्युबात सान हुआनच्या टेकड्यांवर आणि १९१६ ला मेक्सिकोतही ही रेजिमेंट लढली. दुसऱ्या महायुद्धात १९४४ साली तिला उत्तर आफ्रिकेला नेलं, घोड्यांशिवाय. तिथे पोचल्यावर ती मोडली आणि घोडेस्वार म्हणून भरती झालेल्यांना हमालीच्या, बांधकामाच्या कामांवर लावलं.