मुलीला रस्त्यावर सादरीकरण करायचंय, पुढे काय?

प्रश्न: माझी मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. एनएसएसच्या शिबिरातून तिला पथनाट्याची गोडी लागली. गेल्या महिन्यात ती एसटी स्टँडवर तासभर एक शब्द न बोलता उभी राहिली. मुलींना येता-जाता ऐकावे लागणारे शेरे कागदांवर लिहून तिने ते कपड्यांना टाचले होते. लोक जमले, पोलीसही चौकशी करून गेले. आता म्हणते, हेच करायचं, एमपीएससी नको. तिचे बाबा तिच्याशी बोलत नाहीत. यात करिअर असतं का? (एक आई, इचलकरंजी)

ताई, नमस्कार.

तुमच्या लेकीने स्टँडवर जे केलं त्याला परफॉर्मन्स आर्ट म्हणतात, आणि ते तिने विचार करून केलेलं दिसतंय. बंगळूरच्या सृष्टी या कलासंस्थेत शिकणाऱ्या जस्मीन पाथेजा या मुलीने २००३ साली शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून नेमका हाच विषय घेतला होता: रस्त्यावर बायकांना होणारा त्रास. त्यातून ‘ब्लँक नॉइज’ ही चळवळ उभी राहिली. त्रास झाला तेव्हा अंगावर असलेले कपडे बायकांकडून मागवून त्यांनी ते लोकांसमोर मांडले. सार्वजनिक बागेत बायका निर्धास्त झोपतात, असाही उपक्रम केला. त्यात भाषण नसतं. बघणाऱ्यालाच प्रश्न पडतो, की बाई बागेत झोपली तर मला वेगळं का वाटलं?

तिच्या बाबांना हे परकं वाटत असेल, तर त्यांना आपल्याकडची गोष्ट सांगा. सत्यशोधकी जलसे, आंबेडकरी जलसे, अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकरांचं लाल बावटा कलापथक ही सगळी माणसं कला घेऊन लोकांत गेली आणि त्यांनी गावंच्या गावं हलवली. ‘मुलगी झाली हो’ हे स्त्री मुक्ती संघटनेचं नाटक १९८३चं. ते महाराष्ट्रात गावोगाव झालं. तुमच्या पिढीतल्या कुणीतरी पाहिलेलं असेलच, विचारून बघा.

आता पोटापाण्याचं. ‘मुलगी झाली हो’ लिहिणाऱ्या ज्योती म्हापसेकर मुंबईत ग्रंथपाल होत्या. दिल्लीचे पथनाट्यकार सफदर हाश्मी यांनी आधी इंग्रजी शिकवलं, मग पत्रकारिता केली, सरकारी माहिती अधिकारी म्हणूनही काम केलं आणि १९८४ साली नोकरी सोडून पूर्णवेळ पथनाट्याकडे वळले. नोकरीने त्यांची कला बोथट झाली नाही. उलट पगार दुसरीकडून येत असला की नाटकात काय बोलायचं ते आपलं आपण ठरवता येतं. मला हा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. पथनाट्याला पैसे मिळतात, नाही असं नाही. मतदान, स्वच्छता, आरोग्य योजना यांच्या प्रचारासाठी सरकारी खाती आणि कंपन्या कलापथकांना काम देतात. पण तिथे मजकूर पैसे देणारा ठरवतो. हे काम जरूर करावं, हात तयार होतो, घरभाडं निघतं. फक्त त्यालाच चळवळ समजू नये.

म्हणून माझा सल्ला असा, की बी.ए. पूर्ण करू दे. त्यानंतर तिच्यापुढे दोन रस्ते आहेत आणि निवड तिच्या स्वभावावर आहे. सादर करताना तिला शरीर, आवाज, दृश्य यांतच रमायला होत असेल, तर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र किंवा मुंबई विद्यापीठाची थिएटर आर्ट्स अकादमी बघा. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाला पदवी लागतेच, शिवाय नाटकांत काम केल्याचा पुरावाही लागतो, तेव्हा प्रत्येक प्रयोगाचे फोटो, तारीख, बातमीचं कात्रण आतापासून जपून ठेवायला सांगा. पण प्रयोग संपल्यावर ती जमलेल्या बायकांशी बोलत थांबत असेल, त्यांच्या घरी जात असेल, तर तिने समाजकार्यात एम.ए. करावं. टाटा सामाजिक विज्ञान संस्था हा तिथला मोठा पर्याय. तुमचं वर्णन वाचून मला दुसरा रस्ता तिच्या जवळचा वाटतो, पण हे तिलाच ठरवू द्या. दोन्हीकडून शाळांमध्ये नाट्यशिक्षक, सामाजिक संस्थांमध्ये प्रशिक्षक अशा नोकऱ्या मिळतात. सुरुवातीचे पगार बेताचे असतात, हे तिच्याशी उघड बोला.

पोलीस आणि रस्त्यावरचे इतर धोके यांबद्दल तुमच्यापासून काही लपवणार नाही. १ जानेवारी १९८९ला साहिबाबादजवळ झंडापूरला पथनाट्य सुरू असताना सफदर हाश्मींवर हल्ला झाला आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. ३४ वर्षांचे होते. ४ जानेवारीला त्यांच्या पत्नी मलयश्री आणि त्यांचा नाट्यगट ‘जन नाट्य मंच’ यांनी तिथेच जाऊन अर्धवट राहिलेला प्रयोग पूर्ण केला. प्रत्येक प्रयोगात असं काही घडत नाही, पण धोका नाही असं मी म्हणणार नाही. तो कमी नक्की करता येतो. एकटीने जायचं नाही, गट हवा. त्यातल्या एकाने सादर न करता फक्त गर्दीवर लक्ष ठेवायचं. जागा ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना आणि पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवायचं, अर्जाची पोच घ्यायची. शहरात जमावबंदीचा आदेश लागू आहे का, तेही विचारायचं. गुन्हा नोंदला गेला तर पुढे पासपोर्ट किंवा सरकारी नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत अडचण येऊ शकते, हे तिला माहीत असू दे. घाबरवायला नव्हे, तयारीसाठी. एक ओळखीचा वकील गाठून ठेवा.

एमपीएससीचा विषय सध्या घरात काढू नका. मन नसताना दिलेल्या त्या परीक्षेत वर्षं जातात. त्याऐवजी या उन्हाळ्यात तिला कोल्हापूर-सांगली भागातल्या एखाद्या संस्थेत दोन महिने काम करू द्या. इचलकरंजीत यंत्रमाग कामगारांच्या बायकांचे प्रश्न तर दारातच आहेत. त्यांच्यात बसून ऐकलेल्यातून पुढचा प्रयोग उभा राहिला, तर तो पाहायला तिच्या बाबांना घेऊन जा. समाजकार्याचं पक्कं ठरलं, तर तिसऱ्या वर्षाच्या डिसेंबरपासून सीयूईटी-पीजी या एम.ए.च्या प्रवेश परीक्षेच्या अर्जांच्या तारखांवर लक्ष ठेवा.