'असूनही' कुठं अडतं?

कोल्हापूरच्या एका वाचकांची शंका अशी: गावाच्या इतिहासाच्या मसुद्यात 'पारधी ही गुन्हेगार जमात असूनही आता कष्ट करून जगते' असं वाक्य आहे. मंडळातले काहीजण म्हणतात, यात कौतुकच आहे, राहू द्या. 'गुन्हेगार' काढून 'विमुक्त' घातलं तर चालेल का?

नाही चालणार. खरी मेख 'असूनही'त आहे. 'पाऊस असूनही कुस्त्या झाल्या' म्हणताना पावसात कुस्त्या होत नाहीत हे आपण धरूनच चालतो. तसंच इथं पारधी कष्ट करत नाहीत हे लेखकानं धरलंय, आणि पुरावा न देता वाचकाच्या गळी उतरवलंय. 'आता' त्यावर शिक्कामोर्तब करतो. 'कोल्हापूरची माणसं रांगडी, पण मनानं निर्मळ' यातला 'पण' आपल्याला खटकतो, तो याच कारणानं.

'पारधी' शब्द पारध, म्हणजे शिकार, यावरून आला. फासे लावणारे ते फासेपारधी. म्हणजे नाव धंद्याचं. 'गुन्हेगार' हा मात्र सरकारी शिक्का. इंग्रज सरकारनं १८७१ च्या कायद्यानं जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवायची सोय केली. ती व्यवस्था १९५२ मध्ये रद्द झाली, म्हणून 'विमुक्त'. कोल्हापूर संस्थानात तर शाहू महाराजांनी १९१८ मध्येच अशा जमातींना सरकारी माणसापुढं हजेरी द्यायची सक्ती बंद केली होती. गावच्या इतिहासात हे यायलाच हवं.

वाक्य असं करता येईल: 'इंग्रज सरकारनं गुन्हेगार ठरवलेल्या जमातींत पारधी होते.' नुसतं 'गुन्हेगार ठरवले गेले' नको. त्यात ठरवणारा गायब होतो. पुढं आज गावातले पारधी कुठं राहतात, काय काम करतात, ते सरळ लिहा.

मग सगळ्या मसुद्यातली क्रियापदं तपासा. पाटील 'सांगतात' आणि त्यांच्याच वयाचा पारधी 'सांगतो' असं बहुतेक सापडेल. मराठीत लेखकाचा कल सगळ्यात आधी या एकेरीत उघडा पडतो. एकाचं 'म्हणणं' आणि दुसऱ्याचा 'दावा', एकाची 'वस्ती' आणि दुसऱ्याचा 'तळ', हेही बघा. 'चोऱ्या करतात' असा नेहमीची सवय सांगणारा वर्तमानकाळ दिसला तर कोणी, कधी, कुठं हे विचारा. नोंद एकाच प्रकरणाची असेल तर साल घालून 'चोरीचा आरोप झाला' एवढंच लिहा, आणि निकाल काय लागला तेही त्याच वाक्यात द्या.