घाटात इंजिनाचा दिवा लुकलुकला, आता स्थिर आहे: गाडी पुढे न्यावी का?

पावसात खंबाटकी चढताना पेट्रोल गाडी हिसके द्यायला लागली, इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकला, माथ्यावर आल्यावर तो स्थिर झाला, आणि आता तशीच कोल्हापूरला न्यावी का, असं विचारलंय तुम्ही. नका नेऊ. हिसके पूर्ण थांबले असतील तर हलक्या पायाने साताऱ्यापर्यंत जा आणि तिथेच दाखवा. दिवा पुन्हा लुकलुकला तर बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि टोइंग बोलवा.

हा दिवा नुसता पेटला तर कारणं पन्नास असतात, काही अगदीच किरकोळ. लुकलुकला की मात्र बहुतेक वेळा अर्थ एकच: गाडी मिसिंग मारतेय. एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी नीट पडत नाही, न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जातं आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या डब्यात, पेटतं. त्या उष्णतेने आतली जाळी वितळते. ठिणगी पाडणारा प्लग आणि त्याला व्होल्टेज देणारी कॉइल यांचा खर्च परवडतो, कन्व्हर्टरचा आकडा ऐकवत नाही.

चढावरच का झालं? लोड आला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं. कमजोर कॉइल किंवा झिजलेला प्लग नेमका तिथे मान टाकतो. सपाटीला गाडी पुन्हा शहाण्यासारखी चालते, म्हणून दुखणं गेलं असं समजू नका.

वर्कशॉपमध्ये आधी स्कॅनर लावायला सांगा, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने साठवलेला बिघाडाचा कोड वाचता येतो. 'बॅटरीची वायर काढून लावतो, दिवा जाईल' म्हणणाऱ्याला हात लावू देऊ नका. दिवा जातो, पण साठवलेला कोडही जातो. पी०३०२ आला तर मिसिंग दुसऱ्या सिलिंडरमध्ये. मग दोन नंबरची कॉइल तीनवर आणि तीनची दोनवर लावायची. बऱ्याच गाड्यांत दहाच्या पान्याचं काम आहे. कोड पुसून थोडं चालवल्यावर पी०३०३ आला तर कॉइल गेली. दोनवरच राहिला तर आधी प्लग बघायचा, मग पेट्रोल फवारणारा इंजेक्टर. कॉइल काढलीच आहे तर प्लगच्या खड्ड्यात टॉर्च मारून बघा. पावसाळ्यात किंवा बॉनेट उघडून पाण्याने धुतल्यावर तिथे पाणी साचतं. कॉइलच्या रबरावर बारीक उभी रेघ दिसली तर करंट बाहेरून पळतोय.

हाच नियम सगळ्या दिव्यांना लावू नका, एवढं जाता जाता. मारुतीच्या ज्या गाड्यांत तापमानाचा काटा नाही, तिथे उलटं आहे: लाल दिवा लुकलुकतोय म्हणजे इंजिन तापत चाललंय, स्थिर लाल म्हणजे तापलंच, लगेच थांबा. आणि लाल ऑइलचा दिवा चालत्या गाडीत पेटला तर लुकलुकतोय की स्थिर हे बघत बसू नका. बाजूला घेऊन आधी इंजिन बंद.

कोड कळला की कळवा. गाडी किती किलोमीटर झाली आणि प्लग शेवटचे कधी बदलले, तेही लिहा.