शेती-प्रश्नोत्तरे : जीवामृत दिले, तरी पऱ्हाटी पिवळी का पडली?

प्रश्न : काटोल तालुक्यात आमची पाच एकर कोरडवाहू काळी जमीन आहे. गेल्या हंगामात युरिया आणि डीएपी पूर्ण बंद करून कपाशीला फक्त जीवामृत दिले. ऑगस्टनंतर पऱ्हाटी (कपाशीची झाडे) पिवळी पडली, बोंडे कमी लागली, आणि आता धाकटा भाऊ पुन्हा खताची गोणी आणा म्हणतो. कोरडवाहूत नैसर्गिक शेती जमतच नाही का?
— एक वाचक, जि. नागपूर

उत्तर : जमते, परंतु तुम्ही जीवामृताकडून ज्या कामाची अपेक्षा केली, ते काम त्याचे नव्हेच. २०० लीटर पाण्यात १० किलो शेण, ५ ते १० लीटर गोमूत्र, गूळ व बेसन प्रत्येकी २ किलो आणि धुऱ्यावरची मूठभर माती, हे एकरी प्रमाण नैसर्गिक शेतीचे प्रचारक, अमरावती जिल्ह्यातील सुभाष पाळेकर यांनी रूढ केले. यातील सगळे नत्र मोजले तरी ते काहीशे ग्रॅमच भरते, तर युरियाच्या ४५ किलोच्या एका गोणीत सुमारे २० किलो नत्र असते. जीवामृत हे विरजण आहे; मातीत कुजण्याजोगा पालापाचोळाच नसेल, तर रिकाम्या भांड्यात विरजण घातल्यासारखे होते. पाळेकरांच्या पद्धतीत आच्छादन, आंतरपीक आणि वाफसा (मातीत हवा व ओलावा यांचा मेळ) यांनाही जीवामृताइतकेच स्थान आहे. गावोगावी मात्र जीवामृताचा ड्रमच तेवढा पोहोचला, याची मला मनापासून खंत वाटते.

म्हणून आधी दुधाची, म्हणजे मातीत कुजणाऱ्या पाल्याची सोय करा. कपाशीत तुरीचे तास ठेवाच, शिवाय दोन ओळींमध्ये चवळी पेरा आणि ती फुलोऱ्यात येताच कापून तिथेच अंथरा. द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतील नत्र बांधतात, आणि चवळीवरच्या माव्यावर जगणारे ढालकिडे पुढे कपाशीवरचा मावाही खातात. सोयाबीनचे कुटार जाळू नका. भारी जमिनीत पाणी साचल्यानेही पाने पिवळी पडतात, त्यामुळे पावसाचे जादा पाणी बाहेर काढणारे चर उघडे आहेत ना, हेही पाहावे.

वेचणीनंतर उरणाऱ्या पऱ्हाटीच्या बाबतीत मात्र सावध राहा. गुलाबी बोंडअळी न फुटलेल्या बोंडांत सुप्तावस्थेत राहते. त्यामुळे आच्छादनाच्या हौसेने पऱ्हाटी शेतात उभी किंवा आडवी ठेवली, तर पुढच्या हंगामाची अळी आपणच सांभाळल्यासारखे होते. फरदड (हंगाम संपल्यावरही पीक राखून घेतलेली जादा बोंडे) न घेता पीक वेळेवर संपवावे, पऱ्हाटी यंत्राने बारीक करून शेणासह नीट कुजवावी आणि ते खत परत शेतात न्यावे. ५ टक्के निंबोळी अर्क, म्हणजे १०० लीटर पाण्याला ५ किलो निंबोळीची भुकटी, हा मावा आणि तुडतुड्यांवर उपयोगी आहे. बोंडात शिरलेल्या अळीपर्यंत तो पोहोचत नाही. तिच्यासाठी एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे) लावून रोज पतंग मोजावेत. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ किंवा अधिक पतंग सापडले, तर उपाय करण्याची वेळ आली असे समजावे.

भावाची काळजी रास्त आहे; घर त्याच उत्पन्नावर चालते. यंदा एकच एकर, शक्यतो विहिरीजवळचा, पूर्णपणे नैसर्गिक पद्धतीने करा आणि उरलेल्या चार एकरांत माती परीक्षण करून त्यानुसारच खत द्या, तिथेही तूर आणि चवळी पेरून. त्या एका एकराचा खर्च आणि उत्पन्न भावाच्याच हाताने वहीत लिहून ठेवा.