सायकल मिरजेला उतरवा, कराडला नको

चांदोली राष्ट्रीय उद्यानापर्यंत रेल्वे आणि सायकलने कसं जायचं, याबद्दल सोलापूरच्या वाचकांकडून आलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : नकाशावर चांदोलीला कराड स्टेशन सर्वांत जवळ दिसतं. मग सायकल घेऊन कराडलाच उतरावं ना? (विजापूर रोड)

कराडहून उंडाळे, शेडगेवाडीमार्गे चांदोली साठ-पासष्ट किलोमीटर, म्हणजे जवळ आहे खरं. पण सायकल तुमच्या डब्यात नसते, ती ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे गार्डच्या डब्यातल्या सामानाच्या कप्प्यात असते. सोलापूरहून कुर्डुवाडी, पंढरपूरमार्गे जाणारी गाडी तुम्हाला मिरजेला आणते. पुढे कराडला जायचं तर मिरजेला गाडी बदलायची, म्हणजे सायकल एका ब्रेकव्हॅनमधून काढून दुसरीत चढवायची. कराडला बऱ्याच गाड्या जेमतेम काही मिनिटं थांबतात. तेवढ्यात ब्रेकव्हॅन उघडून सायकल खाली आली तर आली, नाहीतर ती एकटीच पुढे जाते. मिरज जंक्शन आहे, तिथे थांबा मोठा आणि हमालही हाताशी. म्हणून स्टेशन निवडताना अंतर नंतर बघा, आधी थांबा बघा.

मिरजेहून सांगली, इस्लामपूर, पेठ नाका, बत्तीस शिराळा आणि तिथून वारणेच्या खोऱ्यात चरण, आरळा, मणदूर असा रस्ता आहे. सगळं मिळून सुमारे ११५ किलोमीटर होतात. एका दिवसात उरकायचा हट्ट नको. पहिल्या दिवशी शिराळ्यापर्यंत सत्तरेक किलोमीटर जा, राहिलेलं दुसऱ्या दिवशी. दिवाळीनंतर निघणार असाल तर उसाचा हंगाम सुरू झालेला असेल. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागे दिवा नाही आणि ट्रॉलीच्या बाहेर आलेला ऊस. मागून येणाऱ्याला तो ऊस दिसत नाही, सरळ लागतो. पेठ नाक्यापर्यंतचा रस्ता सकाळीच संपवा.

प्रश्न : पार्सल ऑफिसात सायकल कशी बुक करायची? मागच्या वेळी माझी सायकल दोन दिवसांनी पोहोचली. (जुळे सोलापूर)

ती बहुधा ‘पार्सल’ म्हणून गेली असेल. तिथे दोन वेगळ्या सोयी आहेत आणि बाबू आपणहून विचारेलच असं नाही. तिकीट न दाखवता पाठवलेला माल म्हणजे पार्सल, तो ज्या गाडीत जागा मिळेल त्या गाडीने जातो. तिकीट दाखवून, त्याच गाडीसाठी बुक केलेलं सामान म्हणजे लगेज. खिडकीवर पहिलं वाक्य हेच म्हणा : ‘लगेजमध्ये, माझ्याच गाडीला.’

नियमानुसार सामान गाडी सुटायच्या किमान अर्धा तास आधी द्यायचं असतं. प्रत्यक्षात दीड-दोन तास हाताशी ठेवा. फॉर्म भरा, वजन होईल, पैसे भरून पावती घ्या. स्लीपरच्या तिकिटावर ४० किलो सामान फुकट असतं, पण ती सवलत सायकलला लागू नाही, त्यावरून खिडकीशी वाद घालू नका. न बुक करता डब्यात चढवली आणि पकडली गेली तर लगेजच्या दराच्या सहापट आकारणी होऊ शकते.

पावतीवरचा नंबर, ‘सोलापूर ते मिरज’, तुमचं नाव आणि मोबाइल नंबर दोन पुठ्ठ्यांवर जाड मार्करने लिहा, मराठीतही आणि इंग्रजीतही. एक हँडलला बांधा, एक फ्रेमला. एकच असेल तर तो फाटतो आणि मग सायकल बेवारस. नंतर ब्रेकव्हॅन पुढे लागणार की मागे, हे विचारून तिथेच उभे राहा आणि सायकल आत गेलेली बघूनच आपल्या डब्याकडे जा. कधी ‘जागा नाही’ असं ऐकावं लागतं. ब्रेकव्हॅनचे काही कप्पे ठेकेदारांना भाड्याने दिलेले असतात, म्हणून डबा रिकामा दिसला तरी उत्तर तेच राहतं. आदल्या दिवशी चौकशी केलेली बरी.

आणखी एक. सायकल हरवली किंवा मोडली तर रेल्वेची जबाबदारी किलोमागे १०० रुपयांपुरतीच असते. १४ किलोच्या सायकलचे १४०० रुपये. सायकल महाग असेल तर बुकिंगच्या वेळीच किंमत जाहीर करून त्यावरचा टक्केवारीचा आकार भरा.

प्रश्न : चाकं काढून खोक्यात भरावी का? (होटगी रोड)

ब्रेकव्हॅनसाठी नको. चाकं असलेली सायकल हमाल ढकलत नेतो, खोकं मात्र आपटतो आणि वर पोती रचतो. चाकं राहू द्या, बाकीचं आवरा.

पायडल काढा, १५ मिलिमीटरचा पाना लागतो. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवल्यावर सुटतं. इथेच जोर लावून लोक आटे खातात. हँडलचे बोल्ट अ‍ॅलन कीने (षटकोनी पान्याने) सैल करून ते फ्रेमला समांतर वळवा. सीटच्या दांड्यावर चिकटपट्टीची खूण करून सीट खाली घाला. दिवा, मीटर, पंप, बाटली काढून घ्या, नाहीतर मिरजेला ती दिसणार नाहीत.

खरी काळजी मागच्या डिरेलरची, म्हणजे गिअर बदलताना चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागाची. चेन मागच्या सर्वांत मोठ्या चकतीवर आणून ठेवा, म्हणजे डिरेलर आत सरकतो. तरी धक्का बसलाच तर त्याला फ्रेमशी जोडणारा हँगर वाकतो. हा अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा मुद्दामच मऊ असतो, फ्रेम वाचावी म्हणून. वाकलेला लक्षात आला नाही आणि शिराळ्यापुढच्या चढाला सर्वांत हलका गिअर टाकला, की डिरेलर स्पोकमध्ये जातो आणि प्रवास तिथेच थांबतो. मिरजेला मागे उभं राहून बघा, हँगर आणि चाक एका रेषेत हवेत. प्रत्येक मॉडेलचा हँगर वेगळा असतो, म्हणून जादाचा सोलापूरहूनच न्या.

फ्रेमला एसीच्या पाइपचा फोम लावा, त्यावर जुनी सोलापुरी चादर गुंडाळून सुतळीने बांधा. याहून चांगलं आवरण विकत मिळत नाही. टायरमधली हवा सोडायची गरज नाही, तो विमानाचा रिवाज आहे.

प्रश्न : घडीची सायकल डब्यात नेता येईल? (अक्कलकोट)

डब्यात नेण्याच्या सामानाची मर्यादा १०० × ६० × २५ सेंटिमीटर. घडीच्या बहुतेक सायकली जाडीत अडतात, ३० ते ४० भरतात. पिशवीत घालून बर्थखाली गेली तर सहसा कोणी हटकत नाही, पण तो तुमचा हक्क नव्हे.

प्रश्न : उद्यानात सायकल चालवता येते का? (बार्शी)

ते गृहीत धरू नका. २००४ साली राष्ट्रीय उद्यान झालेलं आणि आता सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात असलेलं हे जंगल आहे. आत जायला वनखात्याची परवानगी लागते आणि फिरणं सहसा वाहनानेच होतं. पावसाळ्यात उद्यान बंद असतं. सायकल मुक्कामाच्या ठिकाणी कुलूप लावून ठेवा आणि वाहनाची सोय आधीच करा. आरळ्यापुढे दिवस मावळल्यावर सायकल चालवू नका, गवे रस्त्यावर येतात आणि सायकलचा आवाज त्यांना शेवटच्या क्षणापर्यंत कळत नाही.

प्रश्न : तयारी कुठे करावी? (मोहोळ)

तुमच्याकडे सगळं सपाट, तेच अडचणीचं. सोलापूरहून वीसेक किलोमीटरवरच्या नान्नजला सामान लादून जाऊन या. माळढोक दिसण्याची आशा नको, काळवीट दिसतील. चढाचा सराव मात्र उड्डाणपुलावरच करावा लागेल, पंधरा-वीस वेळा. माळावरचे सराटे टायरमध्ये रुतून राहतात आणि दोन दिवसांनी ट्यूबला पोहोचतात. निघण्याच्या आदल्या रात्री टायरवरून हात न फिरवता फडकं फिरवा, जिथे अडकेल तिथला काटा चिमट्याने काढा. दोन ट्यूब जवळ ठेवा.